कमल रणदिवे यांचे उंदीर

परभणी जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'परभणी क्रांती' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ही भेंडीची एक जात आहे. १९८० नंतरच्या दशकात परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी ती तयार केली. त्यापूर्वी भेंडी लावणाऱ्यांना एका रोगाने जेरीस आणले होते. पानांच्या शिरा पिवळ्या पडत, मग सारे पान पिवळे होई आणि फळेही फिकट, वेडीवाकडी निघत. हा रोग विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते. 'पुसा सावनी' या त्या काळच्या लोकप्रिय जातीचा भेंडीच्या एका दूरच्या नातेवाईक प्रजातीशी संकर करून, आणि पुढे कित्येक पिढ्या निवड करत, या रोगाला दाद न देणारी जात तयार करण्यात आली.

आता वर्गात मुलांना एक प्रश्न विचारून पाहावा. एकाच शेतात, एकाच माशीच्या तडाख्यात एक जात पिवळी पडते आणि शेजारची हिरवी राहते. मग रोगाचे कारण विषाणू म्हणायचे की बियाणे? थोडी चर्चा झाली की मुले स्वतःच सांगतात की दोन्ही. विषाणू नसेल तर रोग नाही, आणि झाडाचा वंश प्रतिकारक असेल तर विषाणू येऊनही रोगाचे काही चालत नाही.

नेमका हाच प्रश्न परभणी क्रांतीच्या कितीतरी आधी, १९४० नंतरच्या दशकात, मुंबईत परळ येथे एक तरुण मराठी स्त्री विचारत होती. तिच्यापुढे भेंडीचे पीक नव्हते. तिच्यापुढे उंदीर होते आणि रोग होता स्तनांचा कर्करोग. या स्त्रीचे नाव कमल रणदिवे. आज कर्करोगावर प्रतिपिंडांची म्हणजे अँटिबॉडींची जी औषधे निघाली आहेत, त्यांच्या बातम्यांत हे नाव येत नाही. येण्याचे तसे कारणही नाही, कारण रणदिवेबाईंनी असे औषध कधी बनवले नाही. तरीही ही औषधे कशी शक्य झाली हे समजून घ्यायचे तर त्यांच्या कामापासून सुरुवात करणे सोयीचे आहे असे आम्हांला वाटते. ते का, हेच या लेखात पाहू.

सीताफळापासून उंदरापर्यंत

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेतून शाळा पुरी करून कमल फर्ग्युसनमध्ये आल्या खऱ्या, पण त्यांचे मन रमले ते वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र यांत. पदवीनंतर त्या पुण्याच्या कृषी महाविद्यालयात गेल्या. तेथे त्यांनी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला आणि १९४३ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळवली. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र अंबाजोगाईला आहे. त्यामुळे मराठवाड्यातील वाचकांना कर्करोगाच्या अभ्यासकाची ही सुरुवात फारशी परकी वाटणार नाही.

दरम्यान १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्रिं. रणदिवे यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईला आल्या होत्या. टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि तेथील प्रयोगशाळेची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. रोगनिदानशास्त्राचा आपल्या देशात पाया घालणारे म्हणून खानोलकर ओळखले जातात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवेबाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. उंदरांच्या काही कुळींत स्तनांचा कर्करोग सर्रास होतो, काहींत क्वचितच होतो. अशा निरनिराळ्या कुळींतील उंदरांच्या स्तनग्रंथींची तुलना हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता.

गुणसूत्रे मोजणारी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी रोगाकडे पाहू लागली तेव्हा तिने पहिला प्रश्न वंशाचा विचारला, हे स्वाभाविकच म्हणावे लागेल.

कुळी राखण्याचे काम

येथे थोडे थांबून 'कुळी' म्हणजे काय ते पाहू. घरातले उंदीर पकडून त्यांच्यावर प्रयोग केले तर पंचाईत होते. एकाला रोग झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, तर तो फरक आपण दिलेल्या द्रव्यामुळे पडला की मुळातच उंदीर निराळे होते, हे कळायला मार्ग नसतो. खताचा प्रयोग करताना दोन वाफ्यांत दोन निराळी बियाणी पेरावीत तसाच हा प्रकार. म्हणून उंदरांत सख्ख्या भावा-बहिणींचा समागम किमान सलग वीस पिढ्या घडवून आणतात. वीस पिढ्यांनंतर त्या कुळीतील सर्व उंदीर आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ एकसारखे, जुळ्या भावंडांसारखे होतात. उंदराची एक पिढी साधारण तीन महिन्यांची धरली तरी वीस पिढ्यांना पाच वर्षे लागतात. या काळात एकदा जरी पिंजऱ्यांची अदलाबदल झाली, एक चिठ्ठी चुकली, तरी सगळे मुसळ केरात. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण त्यावाचून पुढचे पाऊल पडत नाही.

अशा शुद्ध कुळींमुळेच अमेरिकेत बिटनर या शास्त्रज्ञाला १९३६ मध्ये एक विलक्षण गोष्ट दिसली होती. कर्करोगप्रवण कुळीतील पिले जन्मताच दुसऱ्या, निरोगी कुळीतील मादीच्या अंगावर पाजली, तर मोठेपणी त्यांच्यातील कर्करोगाचे प्रमाण एकदम घटे. म्हणजे रोगाचे काही कारण आईच्या दुधातून येत होते. पुढे हे कारण म्हणजे एक विषाणू असल्याचे सिद्ध झाले. परंतु केवळ विषाणूने भागत नव्हते. उंदराचा वंश, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू ही तिन्ही जुळून आली तरच रोग उद्‍भवे. रणदिवेबाईंचे स्तनांच्या कर्करोगावरील संशोधन या तिहेरी संबंधाभोवती फिरते. भेंडीच्या शेतातला आपला प्रश्न तो हाच.

मग माणसाच्या स्तनांच्या कर्करोगामागेही असाच विषाणू असेल का? जगभर त्याचा शोध सुरू झाला. १९७१ च्या सुमारास मुंबईतील पारशी स्त्रियांच्या दुधाच्या नमुन्यांत विषाणूसारखे कण दिसल्याचे प्रसिद्ध झाले तेव्हा मोठे कुतूहल निर्माण झाले होते. मात्र माणसाच्या बाबतीत ही गोष्ट आजवर निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. ज्या प्रश्नावर कित्येकांनी उमेदीची वर्षे घालवली, त्याचे हवे ते उत्तर मिळाले नाही. विज्ञानात असे होतेच. पण उत्तर शोधताना जी साधने आणि जे कसब हाती आले ते वाया गेले नाही.

शरीराबाहेर जगणाऱ्या पेशी

दुसरे कसब होते ऊतिसंवर्धनाचे. म्हणजे प्राण्याच्या किंवा माणसाच्या शरीरातील पेशी काढून काचेच्या भांड्यात जिवंत ठेवणे, वाढवणे. पीएच.डी.नंतर रणदिवेबाई शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी अखंड वाढवत ठेवण्यात याच प्रयोगशाळेला १९५१ मध्ये पहिले यश आले. त्या पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या होत्या. तिची वा तिच्या घरच्यांची परवानगी न घेता त्या वापरल्या गेल्या, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे. हेला या नावाने त्या पेशी आजही जगभर वाढत आहेत.

१९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. खानोलकर त्याचे संचालक होते. भारतातील पहिली मानली जाणारी ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा रणदिवेबाईंनी तेथे उभारली. पेशीला ३७ अंशांचे स्थिर तापमान लागते, ठरावीक पोषकद्रव्ये लागतात, आणि एक जंतू जरी शिरला तरी सारे संवर्धन नासते. पुढे १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाचा भारही सांभाळला.

एकदा साधन हाती आले की ते कोठे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. याच प्रयोगशाळेत १९५८ मध्ये कुष्ठरोग्याच्या गाठीतील अंश पेशींच्या संवर्धनात वाढवून एक जंतू मिळवण्यात आला. त्याला संस्थेच्याच आद्याक्षरांवरून 'आयसीआरसी' जंतू असे नाव पडले. पुढे त्यापासून कुष्ठरोगावरील लस तयार झाली. दक्षिण भारतात झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. कर्करोगासाठी उभारलेली प्रयोगशाळा कुष्ठरोगाच्या कामी आली.

घोड्याचे प्रतिपिंड, उंदराचे प्रतिपिंड

आता औषधांकडे वळू. प्रतिपिंड हे औषध म्हणून आपल्याला मुळीच नवे नाही. पावसाळ्यात शेतात साप चावलेल्या माणसाला ग्रामीण रुग्णालयात जी सर्पविषावरची लस टोचतात, ती म्हणजे दुसरे काही नसून प्रतिपिंडेच असतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत देत गेले, की घोड्याच्या रक्तात त्या विषाला बांधून ठेवणारी प्रथिने तयार होतात. तीच शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम अनेक दशके होत आले आहे. या पद्धतीचा पाया १८९० मध्ये बेहरिंग आणि कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात यांवरील प्रयोगांनी घातला. बेहरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले.

प्रतिपिंड नेमके आपल्या लक्ष्यालाच जाऊन चिकटते, हे पाहून पॉल एर्लिख यांनी रोगाच्या कारणावरच जाऊन लागणाऱ्या गोळीची कल्पना मांडली. आपण त्याला रामबाण म्हणू. मग असा बाण कर्करोगाच्या पेशीवर का सोडू नये? अडचण अशी की घोड्याच्या रक्तात एकच प्रतिपिंड नसते. शेकडो प्रकारच्या प्रतिपिंडांची ती खिचडी असते. सापाच्या विषावर खिचडी चालते, किंबहुना लागतेच. पण कर्करोगाची पेशी ही शेवटी आपलीच पेशी. निरोगी पेशीपासून तिला वेगळे काढायचे तर एकाच प्रकारचे, एकाच खुणेला चिकटणारे प्रतिपिंड हवे, आणि तेही हवे तितके.

हा गुंता १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोलर आणि सीझर मिलस्टाइन यांनी सोडवला. प्रतिपिंडे बनवणारी प्रत्येक पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, पण शरीराबाहेर ती काही दिवसांतच मरते. उलट मायलोमा या कर्करोगाच्या पेशी काचपात्रात अखंड वाढत राहतात. या दोघांनी एका उंदराला मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी टोचल्या, त्याच्या प्लीहेतील पेशी काढल्या आणि त्यांचा मायलोमाच्या पेशींशी संकर घडवला. या संकरपेशीला एकीकडून प्रतिपिंडाची विद्या मिळाली, दुसरीकडून अमरत्व. अशी एकच पेशी वेगळी काढून वाढवली की तिच्या साऱ्या संततीकडून एकाच प्रकारचे प्रतिपिंड मिळू लागते. या शोधाला १९८४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता या कृतीची सामग्री पाहावी. एक, बाल्ब-सी या शुद्ध कुळीचा उंदीर. दोन, त्याच कुळीतील उंदरांत निर्माण केलेल्या कर्करोगाच्या आणि काचपात्रात वर्षानुवर्षे जगवलेल्या पेशी. शुद्ध कुळी आणि ऊतिसंवर्धन! परळच्या प्रयोगशाळेत रणदिवेबाईंनी रुजवलेली हीच ती दोन कसबे. केंब्रिजचा शोध परळमुळे लागला असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. कुळी आणि पेशी निगुतीने राखणाऱ्या शेकडो हातांनी जगभर ही जमीन तयार केली होती आणि त्यांत आपलेही हात होते, इतकेच.

माणसाळवलेले बाण

उंदराचे प्रतिपिंड माणसाला दिले तर शरीर त्यालाच परके समजून हल्ला चढवते. म्हणून लक्ष्याला चिकटणारा टोकाचा भाग तेवढा उंदराचा ठेवून बाकीचा सांगाडा माणसाच्या प्रतिपिंडाचा जोडण्याची युक्ती १९८६ च्या सुमारास ग्रेग विंटर यांनी काढली. मराठीत 'माणसाळवणे' हा शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले ट्रास्टुझुमॅब हे असेच माणसाळवलेले प्रतिपिंड. स्तनांच्या कर्करोगाच्या साधारण पाच रुग्णांपैकी एकीच्या पेशींवर 'हर-२' नावाचे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. हे औषध त्या प्रथिनाला चिकटून पेशीची वाढ रोखते आणि शरीराच्या संरक्षक पेशींनाही तिकडे वळवते. उंदरांच्या स्तनग्रंथींपासून सुरू झालेला शोध येथे स्तनांच्या कर्करोगाच्या औषधापाशी येऊन पोचतो.

पण औषध निघाले म्हणजे ते परभणीच्या रुग्णाला मिळाले असे होत नाही. सुरुवातीची किंमत शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची होती. भारतीय कंपन्यांनी अशा औषधांच्या समतुल्य आवृत्त्या काढल्या. रक्ताच्या काही कर्करोगांवरील रिटुक्सिमॅबची २००७ मध्ये आली, ट्रास्टुझुमॅबची २०१४ मध्ये. त्यानंतर किमती उतरल्या, तरी उपचार स्वस्त झाला असे म्हणवत नाही. हे प्रतिपिंड जिवंत पेशींकडून बनवून घ्यावे लागते. गोळीसारखे ते यंत्रात दाबून काढता येत नाही.

परळच्या संस्थेचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे. रुग्णालय आणि संशोधन संस्था १९६६ मध्ये टाटा स्मारक केंद्रात एकत्र आल्या आणि २००२ पासून संशोधन विभाग नवी मुंबईत खारघर येथे काम करू लागला. याच आवारात जून २०२१ मध्ये भारतात बनवलेली पहिली 'कार-टी' पेशीचिकित्सा एका रुग्णावर करण्यात आली. मुंबईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांनी आणि टाटा केंद्रात गौरव नरुला यांनी आपापल्या सहकाऱ्यांसह ती विकसित केली. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून त्यांच्या पृष्ठभागावर प्रतिपिंडाचे टोक उगवेल असा बदल त्यांच्या जनुकांत करतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. ते टोकही माणसाळवलेलेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला सरकारी मान्यता मिळाली. परदेशात तीन कोटींच्या वर जाणारा हा उपचार येथे ४० ते ५० लाखांच्या घरात आला. ही मोठीच झेप आहे, आणि तरीही ४० लाख रुपये हा आकडा जिंतूर किंवा गंगाखेडच्या शिक्षकाला काय वाटेल हे आम्ही वेगळे सांगायला नको.

उत्तर मिळाले, पण दुसरीकडे

म्हणून शेवटी पुन्हा त्या जुन्या प्रश्नाकडे येऊ. स्त्रियांच्या कर्करोगामागे विषाणू असतो का? स्तनांच्या बाबतीत उत्तर मिळाले नाही, पण गर्भाशयमुखाच्या बाबतीत निःसंदिग्ध उत्तर मिळाले. १९८३ मध्ये जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांनी या कर्करोगात मानवी पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार दाखवून दिला. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. रणदिवेबाई ज्या प्रयोगशाळेत शिकल्या तेथल्या हेला पेशींतही पुढे याच विषाणूचा अंश सापडला.

या ज्ञानाची एक मोठी कसोटी आपल्या मराठवाड्यातच झाली. टाटा केंद्र आणि बार्शीचे कर्करोग रुग्णालय यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. या विषाणूची चाचणी आयुष्यात एकदाच करून, जरूर तेथे उपचार केले, तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले. तुलनेच्या गटातील स्त्रियांना चाचणीविना ठेवले गेले, यावर पुढे वादही झाला. या विषाणूवरील भारतीय लस पुण्याच्या सीरम संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आणली. लस काय करते? ती मुलीच्या शरीराकडूनच प्रतिपिंडे बनवून घेते, तीही रोग होण्याच्या कितीतरी आधी. कारखान्यात बनवलेले प्रतिपिंड लाखांच्या हिशेबात जाते, आणि हे प्रतिपिंड शरीर आपले आपण बनवते. ही लस नऊ ते चौदा या वयात सर्वांत उपयोगी ठरते. म्हणजे ज्या मुली आपल्यासमोर पाचवी ते नववीच्या वर्गात बसलेल्या असतात त्याच.

खानोलकरांनी तोंडाचा कर्करोग आणि तंबाखू चघळण्याची सवय यांचा संबंध फार पूर्वीच तपासला होता. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, तरी तंबाखूची सवय गावोगाव आहेच. या कर्करोगाला विषाणूही लागत नाही आणि तो टाळायला महागडा बाणही लागत नाही. तेथे शिक्षकाचा शब्द पुरेसा ठरू शकतो.

रणदिवेबाईंना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय स्त्री वैज्ञानिकांची संघटना उभी करण्यात पुढाकार घेतला आणि निवृत्तीनंतर अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावर एखादे गाजलेले औषध नाही. पण शास्त्रज्ञाची कामगिरी मोजताना त्याने कोणते उत्तर दिले एवढेच पाहून चालत नाही. त्याने मागे काय राखून ठेवले, तेही पाहावे लागते. शुद्ध राखलेली कुळी, जिवंत राखलेली पेशी आणि शिकवून तयार केलेली माणसे, हीच त्या कामाची शिल्लक. यांतले शेवटचे काम तर प्रत्येक शिक्षक रोजच करत असतो.